न दिसणारी धार

धाराशिवच्या एका गल्लीत, पूर्वी जिथे पिठाची गिरणी होती त्या गाळ्यात, आमच्या ओळखीच्या एका मुलाने लेसरने कापणी करणारे यंत्र बसवले आहे. मुलगा आयटीआय झालेला. बँकेचे कर्ज आणि आईच्या दोन बांगड्या एवढे भांडवल. दुकानांच्या पाट्या, शाळांची स्मृतिचिन्हे, लाकडी फळीवर कोरलेली तुळजाभवानी अशी कामे तो करतो. लग्नसराईत सहज डोकावलो, तर यंत्राचे झाकण उघडे आणि आत कापणी चालू. झाकण उघडताच किरण बंद व्हावा म्हणून बसवलेला स्विच त्याने तारेच्या तुकड्याने कायमचा जोडून टाकला होता. विचारले तर म्हणाला, "काका, झाकण उचललं की मशीन थांबतंय. दरवेळी कुठं थांबत बसावं? आणि आत भ्यावं असं आहे तरी काय? उजेडसुद्धा दिसत नाही."

उजेड दिसत नाही, हीच तर या यंत्राची खरी भीती!

या यंत्राचा किरण कार्बन डायऑक्साइड वायूतून निघतो. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या फार पलीकडची. आत जो लाल ठिपका दिसतो तो केवळ निशाणीचा. कापणारा किरण वेगळाच. गंमत अशी, की हे तंत्र परके वाटले तरी त्याचा जनक आपल्याकडचाच. मेमनने १९६० साली पहिला लेसर पेटवला आणि चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर साकारला तो कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा. अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची. जगभरच्या कारखान्यांत धातूचे पत्रे आणि कापड कापणारे हे हत्यार आता आपल्या गल्लीपर्यंत आले आहे. ते सांभाळण्याची शिस्त मात्र त्याच्या मागोमाग आपोआप येत नाही.

लेसरचे धोक्याप्रमाणे चार वर्ग केलेले आहेत. अर्ध्या वॉटच्या पुढचा सततचा किरण चौथ्या, सर्वांत घातक वर्गात मोडतो. गल्लीतल्या यंत्राची नळी ऐंशी वॉटची, म्हणजे त्या मर्यादेच्या एकशेसाठ पट! नीट बांधलेले यंत्र झाकण बंद असताना पहिल्या, निर्धोक वर्गात गणले जाते. तारेचा तो बोटभर तुकडा त्याला एका क्षणात चौथ्या वर्गात नेऊन ठेवतो. मग चकचकीत पत्र्यावरून उसळलेला किरणही डोळ्याचा पारदर्शक पडदा भाजू शकतो. धातू कापणाऱ्या फायबर लेसरचे तर आणखी वाईट. त्याचा किरण डोळ्यात थेट शिरून मागच्या दृष्टिपटलावर एकवटतो, आणि तिथली जखम भरून येत नाही. एका लेसरचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही तो यामुळेच. साधे पारदर्शक अॅक्रिलिक पहिल्याला अडवते. दुसरा त्यातून आरपार जातो. लेसरने दृष्टी जाते म्हणजे काय, हे २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर पुण्या-कोल्हापूरच्या नेत्रतज्ज्ञांनी पाहिले. ते तर नुसते मिरवणुकीतले दिवे होते.

दुसरी गोष्ट शक्तीची. पडद्यावर '५० टक्के' दिसले म्हणजे चाळीस वॉट मिळाले, असा समज असतो. तो खरा नव्हे. ठरावीक प्रवाहाखाली नळी पेटतच नाही, आणि जुनी झाली की तितक्याच प्रवाहात कमी शक्ती देते. मग कारागीर आकडा वाढवतो आणि नळीचे आयुष्य आणखी घटते. म्हणून टक्क्यांवर न विसंबता मिलिअँपिअरचा काटा पाहावा आणि उत्पादकाने दिलेली मर्यादा ओलांडू नये. शक्तीइतकाच वेगही महत्त्वाचा. चाळीस वॉटचा किरण सेकंदाला वीस मिलिमीटर सरकला, तर दर मिलिमीटरला दोन ज्यूल उष्णता मिळते. कोपऱ्यावर वेग पाचावर आला की तीच आठ ज्यूल होते. लाकूड करपते ते तिथे, आणि ज्वाळा धरते तीही बहुधा तिथेच. वेगाबरोबर शक्ती उतरावी म्हणून किमान आणि कमाल असे दोन आकडे भरायचे असतात. पुष्कळ जण दोन्हीकडे एकच आकडा भरतात.

तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. नळीभोवती सतत गार पाणी फिरावे लागते. बोअरचे क्षारयुक्त पाणी घातले, तर काचेवर थर बसतो, आणि असे पाणी वीजही वाहते. म्हणून डिस्टिल्ड पाणीच हवे. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात बादलीत सोडलेला पंप पुरत नाही, चिलर लागतो. आणि पाणी थांबताच किरण तोडणारा स्विच तर लागतोच. नळीला कित्येक हजार व्होल्टचा दाब असतो, म्हणून अर्थिंग चोख हवे. पण आपल्याकडे मार्चनंतर जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डाही सुकतो. त्यात पाणी ओतत राहणे हे देवापुढे दिवा लावण्याइतके नेमाचे काम आहे. शिवाय वीज गेली की पंखा आणि पाणी दोन्ही बंद. ती परत येताच यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. आधी पाणी, मग धूर ओढणारा पंखा आणि शेवटी किल्ली, असाच क्रम हवा.

आणि आग! यंत्र चालू ठेवून चहाला जाऊ नये. हाताशी अग्निशामक नळकांडे असावे. रेक्झिन, फ्लेक्ससारखे पीव्हीसी कापू नये. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड छातीही जाळतो आणि यंत्रही गंजवतो.

हे सारे मी त्याला सांगितले. तो ऐकत होता, पण मनात बहुधा उद्याच्या पाट्या मोजत होता. तेवढ्यात त्याची आई डबा घेऊन आली. गाळ्याकडे बघत म्हणाली, "इथं गिरणी होती तवा लहानपणी आम्हाला सांगायचे, पट्ट्याजवळ जाऊ नको, पदर आवर. तो पट्टा बघूनच अंग चोरायचो आम्ही."

पट्टा दिसत होता, म्हणून भीती आपसूक शिकता आली. इथे भीती दाखवायला काहीच नाही. तिचे काम त्या छोट्या स्विचला करावे लागते. मुलगा काही बोलला नाही. त्याने यंत्र बंद केले, पक्कड घेतली आणि तार काढून टाकली. त्या दिवशी चार पाट्या कमी झाल्या.