लिलाव करावा की भाव लिहावा?

१९५० व १९६०च्या दशकांत भारतातून आलिया करून आलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांनी सामानात तांब्यापितळेची भांडी आणली: हंडे, कळशा, पराती. कोणाकडे शिलाईचे मशीन आले, कोणाकडे ग्रामोफोनच्या तबकड्या. आता लोद, रामले, दिमोना, अश्दोद येथील ती घरे रिकामी करण्याची पाळी मुलांवर येत आहे. भावंडांनी वाटून घेतल्यावर जे उरते ते बहुधा 'आल्टे झाखेन' ओरडत गाडी फिरवणाऱ्याकडे जाते, आणि तो देईल ते पैसे घ्यावे लागतात. त्यापेक्षा इंटरनेटवर विकणे बरे. पण तेथे पहिलाच प्रश्न येतो: आपण भाव लिहावा, की लिलावाला ठेवावे?

भाव लिहिण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. 'याद श्तायिम'वर आपण आकडा घालतो, गिऱ्हाईक फोन करते, घासाघीस होते आणि ते येऊन वस्तू घेऊन जाते. लिलाव, म्हणजे हिब्रूतील 'मेखिरा पुम्बित', नावारूपाला आणला तो ईबेने. १९९५ साली पिएर ओमिड्यार यांनी ते सुरू केले, तेव्हा त्यांचा मोडका लेझर पॉइंटर १४.८३ डॉलरना गेला. तो मोडका आहे हे कळले ना, असे त्यांनी विचारले, तर घेणारा म्हणाला की मी मोडकेच जमवतो! असे विरळा गिऱ्हाईक शोधून काढावे ते लिलावानेच.

मात्र लिलावात किंमत कशी ठरते हे नीट समजून घ्यावे. ईबेवर प्रत्येक जण आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो. समजा एकाने ३०० शेकेलपर्यंत तयारी दाखवली आणि दुसऱ्याने १८०. वस्तू पहिल्यालाच मिळते, पण १८०च्या जरा वर. म्हणजे किंमत ठरवतो तो हरलेला माणूस. दुसरा कोणी नसेलच, तर वस्तू सुरुवातीच्या रकमेला जाते. सिनेगॉगमध्ये मानाची बोली लागते तेव्हाही दोन घरे इरेला पेटली तरच आकडा चढतो, हे आपण पाहतोच.

ईबेनेही २००० साली 'लगेच घ्या' अशी ठरीव भावाची सोय दिली आणि पुढे बहुतेक व्यापार तिकडेच वळला. बाजारभाव क्षणात कळत असताना लिलाव संपेपर्यंत कोण थांबणार? लिरान एइनाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी एकाच विक्रेत्याची तीच वस्तू दोन्ही रीतींनी विकलेली पाहिली. लिलावात सरासरी किंमत कमीच आली.

म्हणून हंडा किंवा शिलाईचे मशीन असेल तर आमचे मत ठरीव भावाचे. जड वस्तूचा टपालखर्च तिच्या किमतीहून जास्त होतो, आणि जवळपासचे गिऱ्हाईक एखादेच. घासाघिशीसाठी थोडे वर लिहावे. आठवडाभर फोन आला नाही तर उतरवावे. इतरांनी मागितलेला भाव पाहून मात्र हुरळू नये. मागणे आणि मिळणे वेगळे. ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू पाहता येतात, त्या पाहाव्यात.

जुन्या तबकड्यांची गोष्ट निराळी. त्यांची किंमत आपल्याला ठाऊक नसते, शौकीन जगभर विखुरलेले असतात आणि पार्सल हलके होते. तेथे लिलाव करावा. ज्या रकमेला वस्तू गेली तर हळहळ वाटणार नाही, त्याच रकमेपासून सुरुवात करावी. चढाओढ शेवटच्या काही सेकंदांत होते, तेव्हा लिलाव आपल्याकडे रविवारी रात्री संपेल असा ठेवावा. त्या वेळी इंग्लंड-अमेरिकेत सुटी असते आणि लोक जागे असतात.

आणि भांड्यावर आजीचे नाव घातलेले असेल, तर त्या अक्षरांसाठी परके गिऱ्हाईक एक अगोराही जास्त देणार नाही. त्याचा फोटो आधी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावा आणि चुलत-मावस भावंडांना आठवडाभर मुदत द्यावी.