संगणकीय प्रवाह-अभ्यासातील पदार्थगुणधर्मांची निवड : छत्रपती संभाजीनगरच्या हवेच्या संदर्भात

हवा, पाणी वा तेल यांच्या प्रवाहाचे संगणकाद्वारे गणन करणारे प्रकल्प आता अभियांत्रिकी महाविद्यालयांत नित्याचे झाले आहेत. जाळीची आखणी व रंगीत आकृत्या यांवर अहवालाची पाने खर्ची पडतात. पदार्थाची घनता व श्यानता कोठून घेतली, यास मात्र बहुधा एखादी ओळच मिळते.

याचे कारण आज्ञावलीची सोय हेच होय. प्रचलित आज्ञावलींत हवेची घनता दर घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम अशी आधीच भरलेली आढळते. हे मूल्य समुद्रसपाटीवरील, १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेचे आहे. छत्रपती संभाजीनगर सुमारे ५७० मीटर उंचीवर असून तेथील वायुदाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो. उन्हाळ्यात ४० अंश तापमानास आदर्श वायू समीकरणाने घनता १.०५ इतकीच येते, म्हणजे १४ टक्क्यांनी कमी. वायूंची श्यानता तापमानाबरोबर वाढत असल्याने रेनॉल्ड्स अंक सुमारे एक-पंचमांशाने घटतो. वाळूज परिसर दुचाकी निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा अभ्यास तयार मूल्यावर केल्यास आकृतीतील इंजिन प्रत्यक्षापेक्षा थंड दिसेल. ही चूक जाळी कितीही बारीक केली तरी दूर होत नाही.

पाण्याची गोष्ट निराळी. २० वरून ४० अंशांपर्यंत त्याची घनता एक टक्काही बदलत नाही, परंतु श्यानता १.०० वरून ०.६५ मिलिपास्कल-सेकंदांवर उतरते. पाण्याची व अनेक शुद्ध पदार्थांची विश्वसनीय मूल्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

खरी अडचण तेलांची. उत्पादकाच्या माहितीपत्रकात ४० व १०० अंशांवरील शुद्धगतिक श्यानता सेंटिस्टोक्समध्ये दिलेली असते, तर आज्ञावलीस सामान्यतः गतिक श्यानता पास्कल-सेकंदांत हवी असते. १०० सेंटिस्टोक्सच्या व दर घनमीटरला ८६० किलोग्रॅम घनतेच्या तेलासाठी ती ०.०८६ येते. घनता मात्र त्याच तापमानाची घ्यावी. पत्रकात ती पुष्कळदा १५ अंशांची असते. दोन तापमानांमधील श्यानता सरळ रेषेने काढू नये, कारण तेलाची श्यानता तापमानाबरोबर प्रथम झपाट्याने व नंतर मंद गतीने घटते.

रंग, वंगणाची ग्रीस यांसारख्या पदार्थांत श्यानता ढवळण्याच्या वेगावरही अवलंबून असते. तेथे कोष्टकातील एकच आकडा पुरत नाही. नमुना श्यानतामापीवर निरनिराळ्या वेगांनी फिरवून मिळालेला आलेखच आज्ञावलीस द्यावा लागतो.