एकट्याने बुडी : मर्यादा काठावरच ठरवा

मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या बऱ्याच जणांनी स्कुबाची मौज अनुभवली असेल. तेथे प्रशिक्षक पर्यटकाला हाताशी धरून उथळ पाण्यात फिरवून आणतो. हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांना पुढे हा छंद जडतो, रीतसर प्रशिक्षण होते, त्यांपैकी काही जण एकटेच पाण्यात उतरू लागतात. पाण्याखालची छायाचित्रे काढणारे तर हमखास. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

स्कुबाचा पहिला धडा जोडीने उतरण्याचा असतो, आणि तोच उत्तम. तरीही काही संस्थांनी एकट्याने उतरण्याचे वेगळे शिक्षण सुरू केले आहे. एका संस्थेच्या अशा वर्गासाठी वय २१ पूर्ण आणि १०० बुड्यांची नोंद लागते. यावरून हे काम नवशिक्याचे नव्हे, हे उघड आहे.

जोडीदार नसला की नेमके काय कमी होते? हवा संपल्यास उसनी मिळत नाही, जाळ्यात पाय अडकल्यास सोडवायला कोणी नसते. पण त्याहून मोठी उणीव म्हणजे आपली बुद्धी मंदावल्याचे सांगणारा कोणी नसतो. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो. साधारण ३० मीटर खोलीवर वाढलेल्या दाबामुळे त्याची गुंगी येऊ लागते. ती दारूच्या नशेसारखी असते. माणसाला उगाच आनंद वाटतो, हवेच्या काट्याकडे दुर्लक्ष होते. अशा डोक्याने 'आणखी थोडे खाली' हा निर्णय घेऊ नये. म्हणूनच खोली, वेळ आणि हवा यांचे आकडे काठावर, कोरड्या अंगाने ठरवावेत, पाटीवर लिहून सोबत न्यावेत.

आकडे कसे ठरवावेत? हवेचा हिशेब पाहा. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल. पण दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो; २० मीटरवर तो तिप्पट होतो आणि तीच हवा ४० मिनिटांत संपते. त्यातही एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी, उरलेली राखीव. म्हणजे पुढे जायला जेमतेम १३ मिनिटे! हा तिहाईचा नियम अमेरिकेतील फ्लोरिडाच्या जलगुहांत रुळला. शेक एक्सली यांनी तेथील अपघातांचा अभ्यास करून १९७९ साली लिहिलेल्या पुस्तिकेत त्यावर भर दिला. हेच एक्सली १९९४ साली मेक्सिकोत अतिखोल बुडीच्या प्रयत्नात दगावले.

खोलीसाठी अनुभवी मंडळींचा एक ठोकताळा आहे. नुसत्या दमावर जितके खाली जाता येते, त्याच्या दुपटीहून अधिक एकट्याने जाऊ नये. तसेच बाहेर पडण्याच्या जागेपासून, सर्व सामानासह पोहून परतता येईल इतकेच दूर जावे. वेगळी छोटी हवेची बाटली आणि जाळे कापायला चाकू हवाच. परतण्याची वेळ काठावरच्या माणसाला सांगून ठेवावी.

सर्दी असेल, कान मोकळे होत नसतील, रात्री मद्य घेतले असेल तर त्या दिवशीची मर्यादा शून्य समजावी. चाळिशी उलटलेल्यांनी व रक्तदाब असलेल्यांनी आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. पाण्यात उतरल्यावर हातापायांतील रक्त छातीकडे येते आणि हृदयावर ताण पडतो.

वर येताना श्वास कदापि रोखू नये. १० मीटरवर घेतलेली हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट फुगते व फुप्फुस फाटू शकते. मिनिटाला ९ मीटरहून वेगाने येऊ नये, ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे. विमानप्रवास किमान १८ तास टाळावा, उंच घाट चढण्याचीही घाई नको.

बाहेर आल्यावर काही तासांत सांधे दुखणे, मुंग्या, चक्कर किंवा विलक्षण थकवा जाणवला, तर ते पोहण्याचे अंगदुखणे समजून झोपू नये. रक्तात नत्रवायूचे बुडबुडे झाल्याची ही लक्षणे असू शकतात. प्राणवायू देणे हा पहिला उपचार, नंतर दाबकक्षाची सोय असलेले रुग्णालय. आणि डॉक्टरांना आपण पाण्यात किती खोल व किती वेळ होतो, हे आपणहून सांगावे. समुद्रापासून दूरच्या गावात ते विचारण्याचे त्यांना सुचेलच असे नाही.