कॅमेरा बंद करण्यापूर्वी

- रेकॉर्डिंग कुठे असतं? ॲनालॉग कॅमेऱ्याचं डीव्हीआरमध्ये, आयपी कॅमेऱ्याचं बहुतेक एनव्हीआरमध्ये. वायफाय कॅमेऱ्याचं आतल्या मायक्रोएसडी कार्डावर किंवा क्लाउडवर.
- डीव्हीआर, एनव्हीआर: माउसने मेन्यू उघडा, 'शटडाउन' निवडा. हार्ड डिस्कची घरघर थांबली की मगच भिंतीवरचं बटण. थेट बटण दाबल्यास त्या क्षणी लिहिली जाणारी फाइल अर्धवट राहते. क्वचित डिस्कही बिघडते. वीज अचानक गेली तरी तेच, म्हणून रेकॉर्डर यूपीएसवर असलेला बरा.
- मायक्रोएसडी कार्ड: ॲपमधून रेकॉर्डिंग थांबवा, ॲडॅप्टर काढा, मग कार्ड. दुसऱ्या उपकरणाने 'फॉरमॅट करायचं का?' विचारलं तर 'नाही'.
- जुनं चित्रण: ते बहुधा बंद केल्याने नव्हे, चालू ठेवल्याने जातं! डिस्क भरली की सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. २ एमबीपीएस दराने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांना १ टीबी डिस्क जेमतेम ११ दिवस पुरते. हवा तो भाग आधीच पेनड्राइव्हवर घ्या.
- पुन्हा चालू केल्यावर: तारीख-वेळ तपासा. घड्याळ मागे गेलं असेल तर आतला बटण-सेल संपलेला असू शकतो.