शाळेतून बाहेर पडलेला निबंध
एकोणिसाव्या शतकातील नागरी शिक्षणाचा शोध घेताना अभ्यासक्रमापेक्षा विद्यार्थ्यांचे लेखन अधिक बोलके ठरते. १८४८ पासून पुण्यात शाळा चालविणाऱ्या जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळाही काढली. त्याच वर्षी दोन संहिता सिद्ध झाल्या: जोतीरावांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक आणि त्यांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध. नाटकातील जोशाने नाडलेले शेतकरी दांपत्य अखेरीस शाळेची वाट धरते. मुक्तेचा निबंध शाळेतून निघून समाजाला भिडतो. वेद केवळ ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असे ती ईश्वराला विचारते. पेशवाईतील जुलूम आणि उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रियांची दैना यांची साक्ष देते. मग स्वजातीयांना विद्येकडे बोलावते. संबोधितांचे हे स्थित्यंतर लक्षणीय आहे. इंग्रजी राजवटीविषयीची तिची कृतज्ञता आज कोणास खटकेलही. परंतु तिच्या युक्तिवादातून ती वगळता येत नाही. दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारलेले शिक्षकाचे नाटक शतकाहून अधिक काळ अप्रकाशित राहिले. विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदया’त १८५५ मध्येच छापून आला.