चकतीचा ‘टक्’

घर ऊबदार ठेवणारी यंत्रे : लेखांक ११

या लेखांकात ज्वालासंवेदकाचा विचार व्हायचा होता. परंतु न्यू जर्सीतील एका वाचकाने पाठवलेला प्रश्न त्याआधी निकाली काढणे अगत्याचे असल्याने ज्वालासंवेदक पुढील आठवड्यावर गेला आहे. या वाचकाच्या तळघरातील फर्नेस व्यवस्थित पेटते, काही मिनिटांत बर्नर विझतो, पंखा मात्र फिरतच राहतो आणि थोड्या वेळाने तोच क्रम पुन्हा सुरू होतो. लिमिट स्विच, म्हणजे अतितापापासून संरक्षण देणारा स्विच, बिघडला आहे असे धरून त्या जागी अधिक तापमानाला तुटणारा स्विच बसवावा काय, असा प्रश्न आहे. उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र ते पटण्यासाठी त्या स्विचच्या पोटातील, एक रुपयाच्या नाण्याहूनही लहान अशा चकतीची ओळख करून घ्यावी लागते. आणि साऱ्या फर्नेसमध्ये तिच्याइतकी देखणी वस्तू दुसरी नाही.

ज्वालांची उष्णता घरच्या हवेला देणाऱ्या उष्णताविनिमयकाचे कार्य मागे सांगून झाले आहे. त्याच्याभोवतीच्या हवेत तोंड खुपसून बसलेला लिमिट स्विच एरवी जोडलेल्या अवस्थेत असतो आणि हवा ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की २४ व्होल्टचे नियंत्रण-मंडल तोडतो, त्यासरशी गॅसची झडप मिटते, आणि साठलेली उष्णता वाहून जावी म्हणून नियंत्रण-पाटी पंखा चालू ठेवते. वाचकाला कोड्यासारखे वाटणारे पंख्याचे फिरणे हा बिघाड नसून योजनेचाच भाग आहे.

तापमान ओळखण्याचे काम द्विधातू करते. कमीअधिक प्रसरण पावणारे दोन धातू एकमेकांना घट्ट जोडले की तापल्यावर अधिक प्रसरण पावणारा धातू दुसऱ्याला वाकवतो, हे तत्त्व जॉन हॅरिसन याने अठराव्या शतकातच आपल्या सागरी घड्याळात वापरले होते. कमी प्रसरणाच्या बाजूला पुढे इन्व्हार हा लोखंड व सुमारे ३६ टक्के निकेल यांचा मिश्रधातू उपयोगी पडला. त्याचा शोध लावणाऱ्या शार्ल एदुआर गियोम याला १९२० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि अशा जोडीच्या सरळ पट्टीत एक मोठी उणीव आहे. ती हळूहळू वाकते, त्यामुळे विजेची संपर्कटोके एकमेकांपासून रेंगाळत दूर होतात, त्या निमुळत्या फटीत ठिणगी तग धरते आणि टोके जळून खडबडीत होतात.

या उणिवेवरचा उपाय जॉन स्पेन्सर या अमेरिकन माणसाला लहान वयातच दिसला, असे सांगतात. मेन राज्यातील एका लाकूड-गिरणीत बॉयलरखालचा जाळ सांभाळत असताना त्याच्या लक्षात आले की, बॉयलरचे पत्र्याचे दार तापले की टक्कन एका बाजूला फुगते आणि निवले की तसाच आवाज करून पूर्ववत होते, म्हणजे जाळ केव्हा घालायचा हे ते दारच सांगते. पुढे त्याने द्विधातूची बशीसारखी खोलगट चकती केली. तिच्या खोलगट अंगाला अधिक प्रसरण पावणारा धातू असतो. तापताना तो ताणत राहतो, चकतीचा आकार त्याला अडवून धरतो आणि एका विशिष्ट तापमानाला हा अडसर हरून चकती क्षणार्धात उलटी होते. मध्ये रेंगाळणे नाही, म्हणून ठिणगीलाही फारसा वाव नाही. ‘क्लिक्सन’ या नावाने हे स्विच बाजारात आले, आणि त्या नावातच तो आवाज ऐकू येतो.

उलटलेली चकती त्याच तापमानाला सुलटी होत नाही, तिला बरेच निवावे लागते. स्विचवर ‘एल १६०-३०’ अशा धर्तीचा अंक असतो तो यासाठीच: १६० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ७१ अंश सेल्सिअसला, मंडल तुटेल आणि त्याहून ३० अंश फॅरनहाइट खाली उतरल्यावर पुन्हा जुळेल. चकतीची खोली आणि धातूंची जोडी कारखान्यातच ठरलेली असल्यामुळे हा अंक नंतर बदलता येत नाही. फर्नेसच्या प्रत्येक नमुन्यासाठी तो निर्मात्याने चाचण्यांवरून निवडलेला असतो. वरचा अंक बसवणे म्हणजे उष्णताविनिमयकाला रोज अधिक भाजणे होय. असा भाजलेला पत्रा कालांतराने तडकतो आणि ज्वलनातील कार्बन मोनॉक्साइड घरच्या हवेत मिसळण्याची वाट मोकळी होते. दोन वायरी थेट जोडून स्विच वगळणे तर त्याहून वाईट.

वारंवार तुटणारा स्विच बहुधा दोषी नसतो, तो साक्षीदार असतो. हवा पुरेशी वाहत नाही एवढेच तो सांगतो, आणि त्याचे कारण धुळीने माखलेला फिल्टर, सामानाखाली झाकलेल्या झरोक्यांच्या जाळ्या, मंदावलेला पंखा किंवा वातानुकूलनाच्या वेटोळ्यावर साचलेली घाण यांपैकी काहीतरी निघते. फर्नेसवरील माहितीपट्टीवर आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातील अनुज्ञेय फरक छापलेला असतो. प्रत्यक्ष फरक त्या मर्यादेत असूनही स्विच तुटत असेल, तरच चकती थकली असे म्हणता येते. आणि हजारो वेळा उलटून ती थकते हेही खरे.

स्विच पूर्ण थंड असताना मल्टिमीटरने त्याचा रोध जवळजवळ शून्य दिसला नाही, तर मात्र वाद उरत नाही. बदलण्याचे काम त्यानंतर किरकोळ आहे: थर्मोस्टॅट बंद करावा, फर्नेसचा वीजपुरवठा तोडावा, गॅसची तोटी बंद करावी, झाकण काढून दोन्ही वायरी सोडवाव्यात, दोन स्क्रू काढावेत आणि नेमक्या त्याच अंकाचा, तेवढ्याच लांबीचा नवा स्विच त्याच जागी बसवावा. झाकण परत लावल्याशिवाय फर्नेस सुरू होणार नाही, कारण झाकणामागे आणखी एक सुरक्षा-स्विच असतो. गॅसचा वास आला किंवा उष्णताविनिमयकावर तडा दिसला, तर हे काम परवानाधारक तंत्रज्ञाचे आहे.

न्यू जर्सीच्या वाचकाने नव्या स्विचची मागणी नोंदवण्याआधी फिल्टर काढून उजेडासमोर धरावा आणि पलीकडचा उजेड दिसतो की नाही, ते कळवावे.