धाकट्याला कुणाकडे ठेवू?

सुकापुरात घरटी एक तरी बाई सकाळीच कामाला बाहेर पडते. कुणी नवीन पनवेलमध्ये धुणीभांड्यांना, कुणी दुकानात, कुणी तळोजा एमआयडीसीत. त्यांची लेकरं दिवसभर कुठे असतात, हे मात्र कुणी विचारत नाही.

आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या ताईचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. पदरात नऊ वर्षांची लेक नि अडीच वर्षांचा मुलगा. कमाई सात हजार. त्यातले दोन हजार धाकट्याला सांभाळणाऱ्या मावशींना. ते परवडेना, तशी लेकीची शाळा बुडायला लागली. "भावाला बघते ना ती," ताई म्हणाली. अगदी सहज!

मैत्रिणींनो, अशा आईसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील वारलेले, घटस्फोट झालेला, पालकाला दुर्धर आजार, अशा घरातल्या १८ वर्षांखालच्या मुलाला दरमहा मदत मिळते. आधी १,१०० रुपये होते, २०२३ साली २,२५० झाले. म्हणजे मावशींचे पैसे त्यातून सुटतात की!

"पण ती अनाथांची ना? माझी मुलं काय अनाथ आहेत?" ताईनं जरा रागानंच विचारलं. बहुतेकींचा हाच समज असतो. आई हयात असली तरी ही मदत मिळते.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा. रायगडकरांना त्यासाठी अलिबाग गाठावं लागतं, म्हणजे दिवसाचा खाडा आलाच. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँक पासबुक, मोठ्या मुलाचा शाळेचा दाखला, फोटो असं सगळं एकदमच न्यावं. ताईचं सगळं अडलं ते मृत्यूच्या दाखल्यापाशी. तो सासरहून मागवावा लागला. पुढे घरी चौकशी होते नि बालकल्याण समिती आदेश देते. पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला पडतीलच असं नाही, तेव्हा त्यावर उधारी करू नका. आणि 'फॉर्म भरून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. अर्जाला फी नाही.

नवरा आहे, पण दोघांची मिळकत तुटपुंजी, अशांचं काय? त्यांना रोख मदत या योजनेतून नाही. अंगणवाडी आहे, पण ती सुटते लवकर नि आई येते संध्याकाळी. केंद्र सरकारनं २००६ साली नोकरदार आयांसाठी राजीव गांधींच्या नावानं पाळणाघरं सुरू केली होती. त्यांचीच पुढची आवृत्ती म्हणजे २०२२ सालची 'मिशन शक्ती'मधली 'पाळणा' योजना. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसभर सांभाळायचं, खाऊ द्यायचा, वजन-उंची तपासायची, आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, अशी तिची कल्पना. आपल्या वाडीवस्तीत तसं केंद्र आहे का, हे अंगणवाडीताईंना विचारा. नसेल तर चौघी-पाचजणी मिळून ग्रामसभेत लेखी मागणी द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.